‘फक्त’ दुहेरीची कारकीर्द

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकला आणि त्यापाठोपाठ आपल्याकडे नेहमी जे होते तेच सुरू झाले: भारताची आजवरची सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू कोण, याच्या याद्या. पी. टी. उषा, मेरी कोम, सायना, सिंधू, मिताली राज ही नावे अशा यादीत फारशी खळखळ न होता बसतात. सानिया मिर्झाच्या नावापाशी मात्र गाडी अडते. एक बाजू तिची सहा ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची) विजेतेपदे मोजून दाखवते आणि दुसरी बाजू ताबडतोब विचारते, ‘त्यांतली एकेरीतली किती?’ उत्तर शून्य असल्यामुळे पहिली बाजू गडबडते आणि टेनिस सोडून तिचे धाडस, तिच्यावर झालेली गलिच्छ टीका, तिने मुलींना दिलेली प्रेरणा अशा गोष्टींचा आसरा घेते. वाद हरतो तो इथेच, आणि सानियाच्या टीकाकारांपेक्षा तिच्या चाहत्यांमुळे अधिक हरतो. प्रेरणेचे वाढीव गुण देऊन तिला पास करण्याची काहीच गरज नाही. दुहेरी हे टेनिसमधले स्वतंत्र कसब आहे, त्या कसबात ती जगात पहिल्या क्रमांकावर होती, आणि एकेरीतून दुहेरीकडे वळणे हा आपल्या शरीराचा आणि आपल्या खेळाचा हिशेब नीट मांडून घेतलेला व्यावसायिक निर्णय होता, अशी माझी भूमिका आहे.

विरोधी बाजूचे म्हणणे पोकळ आहे असे मात्र मुळीच नाही, आणि ते पोकळ असल्यासारखे बोलणे हाही या वादातला एक दोष आहे. टेनिसची प्रतिष्ठा, पैसा आणि प्रेक्षक एकेरीभोवती गोळा झालेले आहेत, हे निर्विवाद आहे. अव्वल एकेरी खेळाडू मोठ्या स्पर्धांत दुहेरी बहुधा टाळतात, त्यामुळे दुहेरीच्या विजेत्यांना जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंशी सहसा झुंजावेच लागत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. त्याहून बोचरा मुद्दा व्हीनस आणि सेरेना या विल्यम्स भगिनींचा. एकेरीतून वेळ काढून दोघी दुहेरी खेळल्या आणि महिला दुहेरीची चौदा ग्रँड स्लॅम विजेतेपदे घेऊन गेल्या. अंतिम फेरीत त्या कधी हरल्याच नाहीत. दुहेरी हे इतके खास कसब असेल तर ते त्यांना जाता जाता कसे जमले? आशियाई उदाहरण हवे असेल तर जपानच्या आय सुगियामाचे घ्या. ती दुहेरीत जगात पहिली होती आणि एकेरीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. म्हणजे दोन्ही जमणे अशक्य नव्हते. सानियाची एकेरीतली सर्वोच्च क्रमवारी २७, तीही २००७ च्या ऑगस्टमध्ये. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत ती चौथ्या फेरीच्या पुढे कधी गेली नाही. या आकड्यांवर पांघरूण घालून तिची बाजू मांडता येणार नाही.

आता हे आकडे कोणत्या जमिनीवर उभे आहेत ते पाहू. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली ही मुलगी शेणाने सारवलेल्या कोर्टांवर टेनिस शिकली. तिच्याआधीचा इतिहास तुरळक आहे. पंडिता क्षमा राव यांची कन्या लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनचा सामना जिंकला. असा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. १९७१ मध्ये निरुपमा मांकड विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत खेळल्या, आणि १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीची पहिली फेरी जिंकली, तर तीच मोठी बातमी ठरली. अशा पार्श्वभूमीवर २००५ साली अठरा वर्षांची सानिया मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत सेरेनासमोर उभी राहिली, फेब्रुवारीत हैदराबादची डब्ल्यूटीए (महिला टेनिसची जागतिक संघटना) मालिकेतली स्पर्धा जिंकली, दुबईत तेव्हाची अमेरिकन ओपन विजेती स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा हिला सरळ दोन सेटमध्ये हरवले आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत मारिया शारापोव्हाशी खेळली. पुढच्याच वर्षी सोलमध्ये तिने एकेकाळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या मार्टिना हिंगिसला एकेरीत हरवले. महिला टेनिसची संगणकीय क्रमवारी सुरू झाल्यापासून एकेरीत पहिल्या शंभरात पोहोचलेली भारतीय महिला एकच आहे, आणि ती सानिया. पुरुषांत ज्यांना आपण एकेरीचे मानदंड मानतो त्या रमेश कृष्णनची सर्वोच्च क्रमवारी २३ होती. ‘फक्त सत्तावीस’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शेजारी ठेवून पाहावा.

मग मनगट आले. तिच्या फोरहँडचा वेग मनगटाच्या झटक्यातून येत असे, आणि नेमके तेच उजवे मनगट २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकेरीचा पहिलाच सामना तिला दुखण्यामुळे अर्धवट सोडावा लागला. गुडघ्याचे दुखणे होतेच. तरीही पुढची चार वर्षे ती एकेरी खेळत राहिली आणि २०११ मध्ये पुन्हा पहिल्या शंभरात आली. एकेरी तिने २०१३ मध्ये सोडली. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ‘सोपा मार्ग धरला’ हा आरोप या तारखांपुढे टिकत नाही. सोपा मार्ग धरणारी खेळाडू २००८ मध्येच वळली असती. न्यूयॉर्कच्या त्या सामन्यासाठी २००५ मध्ये रात्र जागवलेल्यांपैकी मीही एक, आणि तिने एकेरी सोडली तेव्हा ‘संपले’ असेच मलाही वाटले होते. वाटले ते चूक होते. तिची कारकीर्द खऱ्या अर्थाने त्यानंतर बहरली.

इथे दुहेरी म्हणजे काय, याकडे थोडे सावकाश पाहायला हवे, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते आणि दुहेरीचे ३६. म्हणजे दुहेरीत एकेकीच्या वाट्याला साधारण अठरा फूट येतात. टीकाकार इथे थांबतात आणि म्हणतात, धाव कमी, श्रम कमी. पण उरलेला हिशेब काय सांगतो? एकेरीत सर्व्हिस परतवणारीला समोर एकच खेळाडू आणि सगळे कोर्ट मोकळे दिसते. दुहेरीत तोच परतीचा फटका जाळ्याशी उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूच्या रॅकेटपासून दूर, तिरका आणि सर्व्हिस करून पुढे येणारीच्या पायांशी पडेल इतका खाली ठेवावा लागतो. अर्धा वीत उंच राहिला तरी जाळ्यापाशी तो कापला जातो. पळण्याचे जे श्रम वाचतात ते अंदाज, कोन आणि क्षणाचे भान यांवर खर्च होतात. शिवाय दोघींनी एकमेकींच्या जागा न बघता ओळखायच्या असतात. सानियाची दुसरी सर्व्हिस आणि कोर्टाच्या कोपऱ्यापर्यंतची धाव हे एकेरीतले तिचे कच्चे दुवे होते, आणि परतीचा जोरकस फटका व फोरहँड ही तिची मुख्य हत्यारे. कच्चे दुवे ज्या प्रकारात कमी उघडे पडतात आणि हत्यारांना जिथे जास्त भाव मिळतो तो प्रकार निवडणे, याला पळवाट म्हणायचे की अक्कल? कबड्डीत चढाईला न जाता कोपरारक्षक म्हणून नाव काढणाऱ्या खेळाडूला ‘चढाई जमली नाही म्हणून पकडी करतो’ असे महाराष्ट्रातला कोणताही जाणता प्रेक्षक म्हणणार नाही. चांगला कोपरारक्षक किती दुर्मीळ असतो हे त्याने मैदानाच्या कडेला बसून पाहिलेले असते. दुहेरी पाहण्याची अशी सवय आपल्याला लागली नाही, एवढाच काय तो फरक.

विल्यम्स भगिनींचा मुद्दा याच उजेडात पाहिला तर उलटा फिरतो. त्या दोघी स्पर्धेच्या आदल्या दिवशी भेटून जोडी जमवणाऱ्या खेळाडू नव्हत्या. लहानपणापासून एकाच कोर्टावर, एकाच बापाच्या नजरेखाली त्या वाढल्या. एकीचा खांदा वळला की फटका कुठे जाणार हे दुसरीला ठाऊक होते. त्यांच्यापाशी एकेरीतली ताकद होतीच, पण जोडी म्हणूनही त्या जगातल्या सर्वांत मुरलेल्या जोड्यांपैकी एक होत्या. त्यांच्या यशातून दुहेरी सोपी असल्याचे सिद्ध होत नाही. जोडीला किती किंमत आहे ते सिद्ध होते. सानियाला मात्र ही जोडी घरात मिळाली नव्हती. ती शोधत गेली: महेश भूपती, एलेना व्हेस्निना, बेथनी मॅटेक-सँड्स, झिंबाब्वेची कारा ब्लॅक, ब्राझीलचा ब्रुनो सोआरेस. भूपतीबरोबर २००९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ची फ्रेंच, सोआरेसबरोबर २०१४ ची अमेरिकन मिश्र दुहेरी तिने जिंकली, आणि ब्लॅकबरोबर २०१४ चे वर्षअखेरचे डब्ल्यूटीए फायनल्स. २०१५ च्या मार्चमध्ये तिने हिंगिसबरोबर खेळायला सुरुवात केली. पहिल्या तीनही स्पर्धा, इंडियन वेल्स, मायामी आणि चार्ल्सटन, या जोडीने जिंकल्या आणि १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. एकूण ९१ आठवडे ती त्या जागी होती.

त्या वर्षीचा विम्बल्डनचा अंतिम सामना ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी शोधून पाहावा. मकारोवा आणि व्हेस्निना या रशियन जोडीविरुद्ध पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकवर आला, तिसऱ्यात २-५ अशी पिछाडी. उजेड कमी झाला म्हणून छप्पर बंद करावे लागले आणि अखेर ७-५ असा निकाल लागला. त्यानंतर अमेरिकन ओपनपासून या जोडीने सलग ४१ सामने जिंकले. ही मालिका २०१६ च्या फेब्रुवारीत दोह्यात तुटली. तोवर ऑस्ट्रेलियन ओपनही त्यांच्या खात्यात जमा झाले होते. या ४१ आकड्याचे खरे वजन कळण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ग्रँड स्लॅम सोडून इतर डब्ल्यूटीए स्पर्धांत दुहेरीत ड्यूसनंतर (म्हणजे ४०-४० अशा बरोबरीनंतर) अ‍ॅडव्हांटेज नसतो, एकच गुण गेमचा निकाल लावतो. आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळवला जातो. सामना जितका आखूड तितका नशिबाचा वाटा मोठा, हा कोणत्याही खेळातला साधा नियम आहे. अशा स्वरूपात सरस जोडीही अधूनमधून हरणारच, आणि त्या ४१ पैकी बहुसंख्य सामने याच स्वरूपातले होते. तरीही हा पराक्रम ‘दुय्यम’ म्हणायचा असेल तर तो कोणत्या मोजपट्टीने, हे म्हणणाऱ्याने सांगावे. हिंगिसच्या पुण्याईवर हे जमले, अशीही एक कुजबूज असते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जोडी फुटली. पाठोपाठ सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत सानिया बार्बोरा स्ट्रायकोव्हाबरोबर खेळली, समोर हिंगिस आणि कोको वांडेवेघे होत्या, आणि सानिया जिंकली.

एकच वस्तू दोन तागड्यांत तोलण्याची आपली सवय मला याहून अधिक खटकते. लिएंडर पेसची एकेरीतली सर्वोच्च क्रमवारी ७३. अटलांटाचे त्याचे ऑलिंपिक कांस्य एकेरीतले आहे आणि ते अमूल्यच. पण त्याची अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे दुहेरी आणि मिश्र दुहेरीतली आहेत. भूपतीची बाराही तशीच. या दोघांना ‘फक्त दुहेरीवाले’ म्हणून कोणी यादीतून कापले आहे काय? १९९९ मध्ये ते दोघे चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले तेव्हा देशाने त्यांना डोक्यावर घेतले, आणि योग्यच केले. मग पंधरा-सोळा वर्षांनी त्याच प्रकारात जगात पहिली आलेल्या बाईला एकेरीचा जाब का विचारला जातो? २०१२ च्या ऑलिंपिकवेळी तर हे तोलणे अगदी उघड्यावर आले. त्या जूनमध्ये सानिया आणि भूपती फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकून आले होते. पण पुरुष दुहेरीत पेसबरोबर खेळायला भूपती आणि रोहन बोपण्णा यांनी नकार दिला, पेसची जोडी विष्णू वर्धनशी जमवली गेली, आणि नाराज पेसची समजूत काढण्यासाठी मिश्र दुहेरीत सानिया त्याच्या वाट्याला देण्यात आली. आपल्याला आमिष म्हणून वापरल्याचे तिने जाहीर निवेदनात स्पष्ट म्हटले. ताज्या ग्रँड स्लॅम विजेत्या जोडीला फोडताना महासंघाला टेनिसचे कोणते कारण देता आले असते? तिच्या स्कर्टच्या लांबीवर, लग्नावर, ‘पाकिस्तानची सून’ या शेऱ्यावर जितकी शाई सांडली तितकी या प्रश्नावर सांडली नाही. २०१६ मध्ये, ती पहिल्या क्रमांकावर असताना, एका ज्येष्ठ पत्रकाराने तिला संसारात स्थिरावण्याबद्दल विचारले होते. तिने तिथल्या तिथे सुनावले आणि त्याने माफी मागितली, इतकेच इथे पुरे.

उषाचा दाखला मी याच संदर्भात देतो. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्य एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, आणि तो चौथा क्रमांक आपण चाळीस वर्षे जपला आहे. जपायलाच हवा. २०१६ मध्ये रिओला सानिया आणि बोपण्णा मिश्र दुहेरीत चौथे आले, त्याचे मात्र कोणाला स्मरणही नाही. चौथ्या क्रमांकातली थोरवी ज्या समाजाला ओळखता येते, त्याला पहिल्या क्रमांकामागे ‘फक्त’ हा शब्द लावावासा का वाटतो?

टीकेतला शेवटचा आणि सर्वांत गंभीर भाग वारशाचा आहे: सानियानंतर कोण? हा प्रश्न झटकता येणार नाही. तिच्यानंतर एकही भारतीय मुलगी एकेरीच्या पहिल्या शंभरात गेलेली नाही. पुण्यात घडलेली अंकिता रैना १६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. सानियाची हैदराबादजवळची अकादमी २०१३ पासून चालू आहे आणि तिथूनही अजून तसे नाव पुढे आलेले नाही. पण एका खेळाडूने व्यवस्थेचे काम का करावे? इथे चीनकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. चीनने महिला टेनिसमध्ये शिरण्यासाठी दुहेरीचे दार निवडले. २००४ मध्ये अथेन्सला ली टिंग आणि सुन टिएनटिएन यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. २००६ मध्ये झेंग जिए आणि यान झी यांनी ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन अशा दोन्ही दुहेरी जिंकल्या. दुहेरीतून मोठ्या स्पर्धांचा सराव, मोठ्या कोर्टांची ओळख आणि पैसा मिळाला. तीच झेंग जिए २००८ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत उपांत्य फेरीत पोहोचली. ली नाने २०११ मध्ये फ्रेंच ओपनची एकेरी जिंकली आणि झेंग किनवेनने २०२४ मध्ये एकेरीचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. ली ना सरकारी चौकटीतून बाहेर पडून स्वतःच्या बळावर खेळली, हे खरे, पण ज्या वाटेवरून ती बाहेर पडली ती वाट आधी तयार झालेली होती. चीनने ज्याला शिडी मानले त्याला आपण उत्तेजनार्थ बक्षीस मानले, आणि म्हणून सानियाच्या यशावर पुढचे काही बांधताही आले नाही.

शिवाय शिडी टेकायला घरची भिंत लागते. सानियाचे पहिले डब्ल्यूटीए विजेतेपद हैदराबादचे होते, कारण तेव्हा हैदराबादला ती स्पर्धा होत होती. पुढे कोलकाता आणि बंगळूरलाही झाल्या. २००८ नंतर मात्र चेन्नईची स्पर्धा २०२२ मध्ये होईपर्यंत मुख्य मालिकेतली एकही डब्ल्यूटीए स्पर्धा भारतात झाली नाही. म्हणजे नेमकी ती चौदा वर्षे, ज्यांत सानिया पहिल्या क्रमांकावर होती आणि बारा-तेरा वर्षांच्या मुली तिचे सामने पाहत होत्या. महाराष्ट्रात २०१२ मध्ये पुण्याला आणि २०१७ मध्ये मुंबईला खालच्या पातळीच्या, १२५ गटातल्या स्पर्धा झाल्या. पुण्याची एलिना स्वितोलिनाने जिंकली आणि मुंबईची आर्यना सबालेंकाने. पुढे या दोघी कुठे पोहोचल्या हे सांगायला नको. अशा एकाकी स्पर्धेतून पाहुण्या खेळाडूंना क्रमवारीचे गुण मिळतात; इथल्या मुलीला वर्षभर गुण मिळवत राहण्यासाठी दर पंधरवड्याला परदेशी विमान पकडावे लागते, आणि तेवढी ऐपत किती घरांची असते? हा दोष सानियाच्या कारकिर्दीच्या खात्यावर मांडणे म्हणजे ‘तुझ्यामागून गाडी का आली नाही’ असे रस्ता नसलेल्या गावातल्या पहिल्या प्रवाशाला विचारण्यासारखे आहे.

दुहेरीला दुय्यम मानण्याची किंमत सांघिक स्पर्धांत तर रोकडी मोजावी लागते. महिलांच्या फेड कपमध्ये, म्हणजे आताच्या बिली जीन किंग कपमध्ये, आशिया गटातल्या लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीन सामने असतात. एकेरी बरोबरीत सुटली की निकाल दुहेरी लावते. २०२० च्या मार्चमध्ये दुबईत भारताची लढत इंडोनेशियाशी होती. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले पहिला एकेरी सामना हरली, अंकिता रैनाने दुसरा जिंकला, १-१. मग अंकिताला जोडीला घेऊन सानिया कोर्टावर उतरली. ती तेव्हा तेहतीस वर्षांची होती, बाळंतपणानंतर जानेवारीतच होबार्टची स्पर्धा जिंकून परतली होती. पहिला सेट टायब्रेकवर गेला, दुसरा ६-० असा सुटला आणि भारत या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच जागतिक गटाच्या प्ले-ऑफमध्ये पोहोचला. तो तिसरा सामना ‘फक्त’ दुहेरीचाच होता.